गिरणगावच्या मातांचे रक्त आणि डॉ. ल्युसी विल्स

गरोदर महिलेला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्लही असते. या आम्लाचा पहिला माग मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत, गरीब वस्त्यांतील मातांच्या आजाराचा शोध घेताना लागला. तो काढणाऱ्या इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स यांच्या जीवनकार्याचा हा आढावा.

कोल्हापूर : येथील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असो, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले 'सीपीआर', किंवा चंदगड, आजरा, भुदरगडातील एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र असो, तपासणीसाठी आलेल्या गरोदर महिलेच्या हातावर दोन प्रकारच्या गोळ्या पडतात. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची लहानशी गोळी आणि चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्ल यांची लाल गोळी. आशा कार्यकर्ती त्यांची आठवण करून देण्यासाठी घरी येते. सासूबाईंना त्या 'रक्तवाढीच्या गोळ्या' म्हणून ठाऊक असतात. या गोळ्यांतील लोहाविषयी शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे ऐकायला मिळते. फॉलिक आम्लाचे नाव मात्र वेष्टनावरच राहते, आणि त्याच्या शोधामागे मुंबईच्या मातांचे दुखणे आहे, हे तर फारच थोड्यांना माहीत असते.

१० मे २०१९ रोजी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या एका स्त्रीचे चित्र झळकवले, तेव्हा अनेकांनी ल्युसी विल्स हे नाव पहिल्यांदा वाचले. तो त्यांचा १३१ वा जन्मदिन होता. रक्तविज्ञानाच्या इतिहासात मात्र हे नाव १९३० च्या दशकापासूनच ठळकपणे नोंदले गेले आहे. फॉलिक आम्लाला त्याचे आजचे नाव मिळण्यापूर्वी वैद्यकीय जगात तो पदार्थ 'विल्स घटक' या नावानेच ओळखला जात होता.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे सधन आणि सुशिक्षित होते. कुटुंबाचा व्यवसाय विळे-कोयत्यांसारखी धारदार अवजारे बनविण्याचा, तर वडील विज्ञानाचे पदवीधर. आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामवंत डॉक्टर होते. मुलींना शिकविण्याविषयी घरात दुमत नव्हते. मुलींना गणित व विज्ञान गांभीर्याने शिकविणाऱ्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात ल्युसी यांचे शालेय शिक्षण झाले आणि १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश घेतला.

तेथे त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये त्या अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडावे लागले. परीक्षा देऊनही पदवीविना परतलेल्या पिढीतील विदुषींपैकी ल्युसी विल्स एक होत.

याच सुमारास घरावर आघात झाले. १९११ मध्ये वडील गेले आणि १९१३ मध्ये बहीण एडिथ अवघ्या सव्विसाव्या वर्षी निवर्तली. त्या वर्षी ल्युसी आईबरोबर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आल्या. १९१४ मध्ये त्या भावासह दक्षिण आफ्रिकेत असतानाच पहिल्या महायुद्धाचा भडका उडाला. केपटाऊनच्या एका रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वेच्छेने शुश्रूषेचे काम केले. मायदेशी परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. हे महाविद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाशी संलग्न होते. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

या महाविद्यालयाचे भारताशी जुने नाते होते. भारतात जाऊन स्त्रियांवर उपचार करू इच्छिणाऱ्या इंग्रज मुली जशा तेथे शिकत, तशाच भारतातून आलेल्या विद्यार्थिनीही. त्यांपैकी एक होत्या महाराष्ट्राला सुपरिचित असलेल्या डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्रायली समाजातील झिराड यांनी १९१९ मध्ये लंडनमधून प्रसूतिशास्त्रातील उच्च पदवी मिळविली आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा अनेक वर्षे सांभाळली. ल्युसी विल्स १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्रीमध्येच अध्यापन आणि संशोधन पत्करले. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरात होणारे रासायनिक बदल हा त्यांचा विषय होता. या विषयानेच पुढे त्यांना भारतात आणले.

परळमधील प्रयोगशाळा

बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचा प्रश्न तेव्हा भारतात अतिशय गंभीर होता. डॉ. मार्गारेट बाल्फर या भारतात दीर्घकाळ सेवा केलेल्या ज्येष्ठ स्त्री-डॉक्टर मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी करीत होत्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेच्या वतीने चाललेल्या या कामात त्यांनी ल्युसी विल्स यांना बोलावून घेतले. १९२८ मध्ये विल्स मुंबईत दाखल झाल्या. मुक्काम होता परळच्या हाफकिन संस्थेत.

हे वर्ष मुंबई विसरलेली नाही. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा ऐतिहासिक संप चालला. लालबाग-परळच्या चाळींतून चुली थंडावल्या. कोकणाबरोबरच सातारा आणि कोल्हापूरकडच्या डोंगराळ भागांतून पोटासाठी मुंबई गाठलेली हजारो कुटुंबे या गिरणगावात राहत होती. आजरा, चंदगड, गडहिंग्लजच्या कित्येक घरांतून एक तरी माणूस गिरणीत असे. गिरण्यांच्या काही खात्यांत बायकाही राबत. बाळंतपणासाठी कामावरून सुटी घेतली की मजुरी बुडत असे. कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या काळात भत्ता मिळावा, यासाठी मुंबई विधिमंडळात याच सुमारास विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये त्याला ठाम पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा अस्तित्वात आला. माता आणि मजुरी यांचा संबंध विधिमंडळात चर्चिला जात असताना, माता आणि आहार यांचा संबंध परळच्या प्रयोगशाळेत तपासला जाणार होता.

मारक पांडुरोगाचे कोडे

विल्स यांच्यासमोरचे कोडे समजून घ्यायचे, तर थोडे मागे जावे लागेल. पांडुरोगाचा सर्वांत आढळणारा प्रकार लोहाच्या कमतरतेने होतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. दुसऱ्या एका प्रकारात पेशींची संख्या घटते, पण त्या प्रमाणाबाहेर मोठ्या होतात. लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा एका दुखण्याचे वर्णन केले. रुग्ण हळूहळू पांढराफटक पडे, थकत जाई आणि अखेर मरे. औषध नव्हते; म्हणूनच त्याला मारक पांडुरोग, डॉक्टरांच्या भाषेत पर्निशस ॲनिमिया, असे नाव पडले.

१९२६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी रोज भरपूर कलेजी खाऊ घातल्यास हे रुग्ण बरे होतात, असे दाखविले. या शोधाबद्दल जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२९ पासून विल्यम कॅसल यांच्या प्रयोगांतून पुढचा धागा मिळाला. या रुग्णांच्या जठरात एक आवश्यक स्राव तयारच होत नाही. त्यामुळे अन्नात पोषक द्रव्य असले तरी ते अंगी लागत नाही. ते द्रव्य म्हणजे आपण आज ब-१२ म्हणतो ते जीवनसत्त्व. १९४८ मध्ये ते शुद्ध स्वरूपात हाती आले.

मुंबईच्या गरोदर स्त्रियांत दिसणारा आजार सूक्ष्मदर्शकाखाली नेमका असाच दिसे. त्याच मोठ्या पेशी, तोच पांढुरका चेहरा, तोच मृत्यू. म्हणून डॉक्टरांनी त्याला गरोदरपणातील मारक पांडुरोग म्हटले. पण ॲडिसनचा आजार बहुधा उतारवयात गाठणारा, तर मुंबईतील रुग्ण ऐन तारुण्यातील. त्या गरोदर होत्या, आणि बहुतेक जणी गरीब. दोन्ही आजारांचा रक्तातील चेहरा एक असला तरी त्यांचे मूळ एकच असेल काय, हा प्रश्न विल्स यांना पडला. त्यांच्या पुढील दहा वर्षांच्या कामाची दिशा या प्रश्नाने ठरविली.

ताटाची तपासणी

विल्स यांनी सुरुवात प्रयोगशाळेतून केली, पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. मेहता आणि तळपदे या भारतीय सहकाऱ्यांची नावे त्यांच्या त्या काळच्या शोधनिबंधांवर त्यांच्या नावासोबत आहेत. १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या या मालिकेतील एक निबंध मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि त्यांचे राहणीमान यांच्या पाहणीचा आहे. निरनिराळ्या थरांतील, निरनिराळ्या धर्मांच्या स्त्रिया काय खातात, किती खातात आणि कोणत्या परिस्थितीत राहतात, याची नोंद त्यात घेतली गेली.

पाहणीतून चित्र स्पष्ट झाले. ज्यांच्या आहारात पोषक घटक सर्वांत कमी, त्यांच्यातच हा पांडुरोग सर्वाधिक होता. गरीब मुस्लिम कुटुंबांतील स्त्रियांची स्थिती सर्वांत वाईट आढळली. भाज्या आणि फळे त्यांच्या ताटात अपवादानेच येत. येथे धर्माला दोष नव्हता; दारिद्र्य आणि एकसुरी आहार हेच खरे कारण होते. एखाद्या जंतूचा किंवा उष्ण हवेचा हा परिणाम असावा, असे मानण्याकडे तेव्हा अनेकांचा कल असताना विल्स यांनी बोट ठेवले ते ताटावर.

मात्र पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, याची त्यांना जाणीव होती. १९२९ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात त्यांनी निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे काम केले. तेथील पाश्चर संस्थेत आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांचे संशोधन चालू होते. मुंबईतील गरीब स्त्रियांच्या आहाराशी मिळताजुळता आहार विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना दिला. गाभण माद्यांना पांडुरोग झाला आणि पिलांना जन्म देण्यापूर्वीच त्या मेल्या. त्याच आहारात यीस्ट मिसळले असता आजार टळला.

येथे एक अडचण उभी राहिली. उंदरांच्या अंगावरील उवांमुळे त्यांना एक वेगळा रक्तसंसर्ग झाल्याचे आढळले. मग पांडुरोग झाला तो आहाराने की संसर्गाने? हाती आलेला सोयीचा निष्कर्ष तसाच रेटून नेता आला असता. विल्स यांनी तसे केले नाही. त्यांनी संसर्गाची बाब निबंधात मांडली आणि प्रयोग पुन्हा, या वेळी माकडांवर, केले. बिलिमोरिया या सहकाऱ्यासह १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात निकृष्ट आहाराने माकडांतही मोठ्या पेशींचा पांडुरोग होतो, हे दाखविण्यात आले.

स्वस्त औषधाचा शोध

प्राण्यांवरील प्रयोग चालू असतानाच रुग्णशय्येवरील मातांचे काय, हा खरा प्रश्न होता. कलेजी हे सिद्ध झालेले औषध होते. पण रोज पाव किलोच्या आसपास कलेजी कोणत्या गरीब घराला परवडणार? शिवाय अनेकींना ती धर्माने वा सवयीने वर्ज्य. विल्स यांना हवे होते ते स्वस्त, सहज मिळणारे आणि कोणालाही देता येईल असे काही.

ते सापडले मार्माइटमध्ये. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून बनविलेला हा काळसर, खारट, दाट लेप इंग्रज माणूस सकाळच्या पावाला लावून खातो. यीस्टच्या अर्काचा तो सर्वांत स्वस्त प्रकार होता. मुंबईतील रुग्णांना तो देण्यात आला आणि परिणाम थक्क करणारा ठरला. मरणपंथाला लागलेल्या स्त्रियांच्या रक्तात थोड्याच दिवसांत नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, अंगात त्राण आले. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या आरंभी विल्स यांनी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही काम केले. हेच रुग्णालय आज चेन्नईत कस्तुरबा गांधी यांच्या नावाने ओळखले जाते.

यीस्टमध्ये नेमके काय आहे, हे त्यांना कळले नव्हते आणि कळल्याचा आवही त्यांनी आणला नाही. शिल्लक राहिलेला धागा त्यांनी पुढे पकडला. ॲडिसनच्या मारक पांडुरोगावर तेव्हा कलेजीचा शुद्ध केलेला अर्क टोचून दिला जात असे आणि तो उत्तम लागू पडे. तोच अर्क उष्ण प्रदेशातील मोठ्या पेशींच्या पांडुरोगाला लागू पडेना. कलेजीचा कच्चा अर्क किंवा मार्माइट दिले की मात्र रुग्ण बरा होई. याचा अर्थ सरळ होता. शुद्ध करताना कलेजीतून काहीतरी निघून जात होते आणि मुंबईच्या रुग्णांना नेमके तेच हवे होते. म्हणजे दोन आजार वेगळे आणि त्यांवरील द्रव्येही वेगळी. १९३७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हा नवा घटक जगापुढे मांडला. अधिक पुराव्यासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्या पुन्हा हाफकिनमध्ये आल्या आणि सुमारे दहा आठवडे राहिल्या. या वेळचा प्रवास त्यांनी कराचीपर्यंत विमानाने आणि पुढे बोटीने केला. हाच तो 'विल्स घटक'.

पालकाच्या पानापासून गोळीपर्यंत

पुढचे काम इतरांनी केले. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे शास्त्रज्ञांनी चार टन पालकापासून एक द्रव्य वेगळे काढले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. संग्रहणीने आपले भाऊ गमावलेल्या या शास्त्रज्ञासाठी तो विषय केवळ रसायनशास्त्राचा नव्हता. विल्स यांनी यीस्टमध्ये ज्याचे अस्तित्व ओळखले होते, तो पदार्थ आता बाटलीत भरता येऊ लागला.

हे आम्ल शरीरात काय करते? नवी पेशी तयार होताना तिच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत बनावी लागते. त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते कमी पडले की अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण त्यांचे विभाजन रखडते. म्हणून त्या मोठ्या होतात आणि संख्येने घटतात. गर्भ वाढत असताना पेशींचे विभाजन अखंड चालू असते. साहजिकच आईची गरज अनेक पटींनी वाढते. पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे, कलेजी यांत ते भरपूर असते. मात्र भाजी फार वेळ शिजवली किंवा तिचे पाणी ओतून दिले, तर त्यातील बराच भाग वाया जातो.

युद्धकाळ आणि उत्तरायुष्य

विल्स यांचे पुढील आयुष्य मुख्यत्वे लंडनमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात त्या आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेत रोगनिदानतज्ज्ञ होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, तरी प्रयोगशाळेचे काम काही दिवसच विस्कळीत झाले. युद्ध संपेपर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि रुग्णालयात रक्तविज्ञानाचा पहिला विभागही त्यांनी उभा केला होता. शिधावाटपाच्या दिवसांत गरोदर स्त्रियांना नियमित लोह दिल्याने काय फरक पडतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. म्हणजे आजच्या लाल गोळीतील दोन्ही घटकांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा देशांत जाऊन त्यांनी आहार आणि पांडुरोग यांची निरीक्षणे चालू ठेवली. लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. त्या अविवाहित राहिल्या. डोंगर चढणे, बर्फावरील भटकंती, बागकाम आणि सायकल यांची त्यांना आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की ब-१२ जीवनसत्त्वासह अनेक रेणूंची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. विल्स यांच्या वाट्याला असा मोठा सन्मान आला नाही.

एकच चेहरा, दोन आजार

विल्स यांच्या कामाचे महत्त्व एका औषधापुरते नाही. सारखे दिसणारे दोन आजार एक असतीलच असे नाही, हा त्यांचा धडा त्यांच्या हयातीतच जगाला पुन्हा गिरवावा लागला. फॉलिक आम्ल बाजारात आल्यावर ते खऱ्या मारक पांडुरोगाच्या रुग्णांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले. परंतु ब-१२ ची उणीव तशीच राहिल्याने मज्जातंतूंची हानी चालूच राहिली. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, चालता न येणे अशा तक्रारी वाढल्या. रक्ताचा अहवाल चांगला आणि रुग्ण मात्र पंगू, असे विपरीत चित्र दिसू लागले. तेव्हापासून फॉलिक आम्ल देताना ब-१२ ची स्थिती लक्षात घेण्याचा दंडक आला.

याची दुसरी बाजूही आहे. मारक पांडुरोग हा उत्तर युरोपातील गोऱ्या लोकांचाच आजार, आशियात तो क्वचित, असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. २००६ मध्ये हाँगकाँगच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी १८१ चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा समज मोडीत काढला. रुग्ण होते, शोधणारे कमी होते. मुंबईत आहाराच्या अभावाला मारक पांडुरोगाचे नाव दिले गेले, तर चिनी रुग्णांमध्ये खरा मारक पांडुरोग असेल, ही शंकाच फारशी घेतली गेली नाही. दोन्हीकडे चूक एकच. रुग्णाकडे पाहण्याआधी त्याच्या वंशाविषयीचे किंवा प्रदेशाविषयीचे मत तयार होते.

महाराष्ट्राला तर हा विषय अगदी जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील सहा गावांत १९९३ पासून गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते. फॉलिक आम्लाची कमतरता मात्र केवळ एकीत आढळली. ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. विल्स यांच्या मुंबईत जे कमी होते, ते पुण्याच्या खेड्यांत पुरेसे होते आणि उणीव दुसऱ्याच घटकाची होती. ब-१२ मिळते ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून. दुधासाठी आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या जिल्ह्यातही घरात सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात त्यातले किती उरते, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरी विचारावा असा आहे.

फॉलिक आम्लाचे मोल यामुळे कमी होत नाही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या अभ्यासातून, गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यास बाळाच्या मेंदूत व पाठीच्या कण्यात होणारे जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे सिद्ध झाले. त्यानंतर चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले. भारतात गरोदर मातांसाठी लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत १८० दिवस रोज एक गोळी, आणि त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, असे प्रमाण ठरले आहे.

असे असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर महिलांना पांडुरोग असल्याचे आढळले. गोळी दवाखान्यातून घरापर्यंत पोहोचते. पण मळमळते, शौचाला काळे होते, बाळ काळे जन्मते अशा कारणांनी किंवा गैरसमजांनी ती कित्येकदा डब्यातच राहते. जी बाई नियमित गोळी घेते, तिच्याही ताटात काय वाढले जाते याची चौकशी क्वचितच होते.

ल्युसी विल्स यांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि त्याच वेळी रुग्ण स्त्रिया घरी काय खातात, याचाही शोध घेतला. शंभर वर्षे होत आली तरी गरोदर महिलेची तपासणी करताना हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले जात नसतील, तर परळच्या त्या प्रयोगशाळेतील काम अजून पुरे व्हायचे आहे, असेच म्हणावे लागेल.